अंकलचं एगनॉग

एगनॉग हा शब्द आमच्या बोईसरच्या क्वार्टरमध्ये माझ्या थोरल्या काकांनी आणला. त्यांनी आणलेल्या बाकी सगळ्या गोष्टींसारखाच तोही घराच्या मानानं मोठा होता आणि कुणाच्या उपयोगाचा नव्हता. काका बोटीवर होते. बोटीवर कोण होते, हे त्यांच्या तोंडून कधी एकसारखं ऐकायला मिळालं नाही. कधी ते कप्तानाच्या शेजारी बसून जेवत, कधी कप्तान त्यांना विचारल्याशिवाय बंदरात शिरत नसे. खरं काय ते आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ठाऊक होतं. काका बोटीच्या भटारखान्यात बशा धूत आणि शेवटच्या काही वर्षांत त्या बशा टेबलावर नेऊन ठेवत. यात कमीपणा काहीच नाही. बशा धुणाऱ्या माणसाला मी जन्मात कधी हलकं मानलं नाही. पण जन्मभर दुसऱ्यांच्या बशा धुतलेला माणूस धाकट्या भावाच्या घरी आल्यावर ताटातच हात धुतो आणि भावजयीनं ते ताट उचलेपर्यंत पाय पसरून बसून राहतो, तेव्हा त्याच्याविषयी जे वाटतं ते लिहायला आता सत्तरीत मला कसली भीड नाही. मला त्यांची किळस यायची.

बोटीची नोकरी सुटल्यावर ते दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि चार वर्षं राहिले. त्यांना काका म्हटलेलं चालत नसे. ‘काका गावठी वाटतं. अंकल म्हणायचं,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं. आम्ही मूळचे कराडकडचे. आप्पा बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, तेव्हा कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं जाळीचा व्हरांडा एवढं घर मिळालं होतं. त्यातली बाहेरची खोली अंकलनी घेतली. तिथं त्यांची लोखंडी पेटी, तिच्यावर परदेशी बंदरांची चिकटवलेली रंगीत चित्रं, आणि कोपऱ्यात एक ट्रान्झिस्टर, जो लावायची परवानगी फक्त त्यांना. आम्ही तिघं आतल्या खोलीत. सकाळी सातचा भोंगा व्हायच्या आत आईच्या भाकऱ्या थापून झालेल्या असायच्या. गुजरातकडे जाणाऱ्या मालगाड्यांचा खडखडाट इतका सवयीचा झाला होता की एखादी गाडी चुकली तर आई मान वर करून बघायची. वारा एका अंगानं आला की कारखान्यांचा आंबूस, डोळ्यांत झोंबणारा वास यायचा, आणि दुसऱ्या अंगानं आला की किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून पाट्या घेऊन येणाऱ्या कोळणींच्या सुक्या बोंबलांचा. आई सुरुवातीला त्या वासानं पदर नाकाला लावायची. वर्षभरातच ती बोंबील तव्यावर खरपूस भाजून, वरवंट्यानं चेचून, त्यात लसूण आणि घरचं लाल तिखट घालून अशी चटणी करायला लागली की मुरब्याच्या बायकाच तिच्याकडं ती चाखायला थांबायच्या. अंकल मात्र ती चटणी ताटाच्या कडेला सारून म्हणायचे, ‘तुम्हा लोकांना टेस्ट म्हणजे काय ते कळायचं नाही.’ ती सारलेली चटणी भाकरी संपेपर्यंत ताटातून नाहीशी झालेली असायची, ही गोष्ट वेगळी.

नाताळ आला की अंकलच्या अंगात यायचं. आमच्या घरात नाताळाचा संबंध फक्त शाळेच्या सुट्टीपुरता. पण बोटीवर म्हणे पंचवीस तारखेपासून नव्या वर्षापर्यंत रोज एगनॉग व्हायचं, आणि ते करावं तर यांनीच. तीस अंडी, चार लिटर दूध, साखर, जायफळ, दालचिनी आणि रम. स्वयंपाकघरात हा प्रकार करायला आईनं पहिल्याच वर्षी मनाई केली. अंडं आम्ही खात होतो, पण तीस अंड्यांचा पसारा देवाच्या फळीखाली तिला नको होता. म्हणून मागच्या व्हरांड्यात स्टो मांडला जायचा. अंडी मनोरकडच्या पाड्यावरून येणारी लाडकी नावाची वारली बाई आणायची. बांबूच्या टोपलीत भाताचं तूस, त्यात एकेक अंडं दडवलेलं. अंकल बादलीत पाणी घेऊन प्रत्येक अंडं त्यात सोडून बघायचे, तरंगलं तर फेकणार म्हणून. एकही कधी तरंगलं नाही. लाडकी उकिडवी बसून ते सगळं शांतपणे बघायची आणि आईला म्हणायची, ‘बाय, कोंबडी माज्या दारातली हाय, अंडी कालची हायत. त्याला काय बघायचा तो बघू दे. मी बसते.’

एगनॉग करायचं म्हणजे अंकलनी सांगायचं आणि आम्ही करायचं. बलक आणि पांढरं वेगळं मी काढायची. बलकात साखर घालून रंग फिकट होईपर्यंत रवीनं घुसळायचं आई. खांदा भरून आला की मी. मग कोमट नव्हे आणि उकळतंही नव्हे असं दूध धार धरून त्यात ओतायचं, परत मंद आचेवर ठेवायचं, आणि पळीच्या पाठीवर त्याचा लेप बसू लागला की झटकन उतरवायचं. उतरवायला क्षणभर उशीर झाला की बलक आवळून येतो. पहिल्या वर्षी अंकल ट्रान्झिस्टरवरची क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत ‘थांबा, थांबा, अजून’ म्हणत राहिले आणि तीस अंड्यांची गोड बुर्जी झाली. ती आम्ही दोन दिवस चपातीशी खाल्ली. अंकलनी खाल्ली नाही. दूध इथलं म्हशीचं, त्यात दोष, असं त्यांचं निदान होतं. पुढल्या वर्षापासून पळी आईनं हातात घेतली आणि कॉमेंट्रीकडं कान दिला नाही, तेव्हापासून ते कधी बिघडलं नाही. गार करायला बोईसरच्या मासळीबाजारातून बर्फाची लादी यायची. आप्पा ती गोणपाटात गुंडाळून सायकलच्या मागं बांधून आणायचे आणि पातेलं त्या बर्फात बसवायचं. मग पांढऱ्याचा फेस वरून हलक्या हातानं मिसळायचा, आणि दोन भाग करायचे. एकात रम पडायची, ती पुरुषांसाठी. दुसरा बिनरमचा, त्याला अंकल ‘लेडीज’ म्हणायचे. शेजारच्या चार घरांतले पुरुष पहिल्या भागासाठी यायचे, अंकलच्या गोष्टींना हो हो म्हणायचे, आणि ग्लास रिकामा झाला की त्यांना घरी काम आठवायचं.

परवा नाताळच्या सुट्टीत माझी नात तिच्या मित्रमैत्रिणींबरोबर केळव्याला बंगला भाड्यानं घेऊन राहिली होती. मलाही गाडीत घालून घेऊन गेली. तिथं तिनं ‘होममेड एगनॉग’ केलं, म्हणजे डब्यातलं घट्ट दूध आणि पाकिटातली पिवळी पावडर मिक्सरमधून फिरवली. वर दालचिनीची काडी ठेवून त्याचा फोटो अर्धा तास काढला. मी विचारलं, अंडं कुठं आहे? ती म्हणाली, ‘आजी, हे एगलेस आहे. सगळ्यांना चालतं.’ बिनअंड्याचं एगनॉग. मी एक घोट घेतला आणि ग्लास सुपारीच्या बुंध्याशी ओतून दिला. सुपारीचं काही वाकडं झालं नाही. पण तिथं बसल्याबसल्या मला वाटलं, आमच्या अंकलना ही पावडर त्या काळी मिळती तर त्यांच्या हातून एक पाप कमी झालं असतं. आणि माझ्याही.

ते सांगण्यासाठी आधी माईंविषयी सांगायला हवं. कारखान्याचे मोठे साहेब, साठे, यांचा बंगला वसाहतीच्या टोकाला, गुलमोहराच्या ओळीपलीकडं होता. त्यांची बायको-मुलं शाळेमुळं पुण्याला असायची. बंगल्यात साहेब आणि त्यांची आई. तिला सगळे माई म्हणत. त्या कुठल्याशा मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त होऊन इथं मुलाकडं येऊन पडल्या होत्या. करायला काही नाही म्हणून त्यांना वसाहतीत कंटाळा आला होता, आणि तो कंटाळा माझ्या पथ्यावर पडला. मी अकरावीत होते, तेव्हा तीच मॅट्रिक. आप्पा एकदा बंगल्यावर नळ दुरुस्त करायला गेले असताना त्यांनी माझ्याविषयी सांगितलं, आणि माई म्हणाल्या, पाठवा. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा संध्याकाळी पाच ते सात मी त्यांच्याकडं इंग्रजी आणि गणित शिकायला जायची. त्यांच्या आवाजात मऊपणा नव्हता. चूक झाली की त्या रागवायच्या नाहीत, फक्त बोट त्या ओळीवर ठेवायच्या आणि मला ती दिसेपर्यंत उचलायच्या नाहीत. शिकवताना त्यांचा घसा कोरडा पडायचा, मग मी उठून आतल्या तांब्याच्या घागरीतलं पाणी फुलपात्रात आणून द्यायची. घरात अंडं-मासळी चालत नव्हती, पण त्याचा गाजावाजा नव्हता. माझ्या दप्तराला बोंबलाचा वास येतो म्हणून मी एकदा ते बाहेर ठेवलं, तर म्हणाल्या, ‘आत आण. मी दुसऱ्याच्या ताटात बघत नाही. माझं मी पाळते, बस्स.’ पुण्यात त्यांची धाकटी बहीण राहायची. परीक्षेत बरे गुण पडले तर तिच्याकडं राहून मी कॉलेजात जायचं, असं त्यांनी आपणहून कबूल केलं होतं. आमच्या नात्यात मुलगी कॉलेजात गेलेली नव्हती. मी रोज झोपण्यापूर्वी त्या न पाहिलेल्या पुण्यातल्या खोलीत सामान लावत असे.

आणि आप्पा. आप्पांविषयी लिहिताना हात जरा अडतो, पण अडून चालणार नाही. कारखान्यात हाताखालच्या पोरांना ते जरब दाखवत, आणि साठेसाहेबांची जीप नुसती रस्त्यावरून गेली तरी सायकलवरून उतरून उभे राहत. जीपमध्ये साहेब नसले, नुसता ड्रायव्हर असला, तरीही. त्यांना सुपरवायझर व्हायचं होतं. चौथ्या वर्षीच्या नाताळात अंकलनी त्यांच्या डोक्यात भरवलं की साहेबांना आणि माईंना घरी बोलवावं, एगनॉग द्यावं, म्हणजे साहेबांना कळेल की हा फिटर म्हणजे साधा फिटर नव्हे. आई म्हणाली, ‘बोलवा की. माईंना च्या आन् कांदं न घातलेलं पोहं करते. त्यांना दुसरं काय देऊ नगासा.’ आप्पा म्हणाले, बरं. अंकल काही बोलले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रविवारी दुपारी चारची वेळ ठरली होती. आईनं सकाळपासून घर पुसलं. अंकलनी ट्रान्झिस्टरवर इस्त्री केलेला रुमाल घातला, बोटीवरचा पांढरा कोट चढवला, ज्याची बटणं आता लागत नव्हती, आणि ते सहा काचेचे ग्लास मांडून उभे राहिले. चारला जीप आली. तिच्यातून माई एकट्याच उतरल्या. साहेबांना ऐन वेळी कारखान्यात थांबावं लागलं होतं. आप्पांचा चेहरा असा उतरला की माईंच्याही लक्षात आलं. त्या हसून म्हणाल्या, ‘मी काही साहेब नाही, पण शालनचं घर बघायचं होतं मला.’ शालन म्हणजे मी. त्या खुर्चीवर बसल्या. आई पाया पडली आणि चहा टाकायला आत गेली. स्टो त्या दिवशी पेटायला कुरकुर करत होता, त्याला पंप मारल्याचा आवाज बाहेर येत होता.

अंकलना तेवढा वेळ धीर निघाला नाही. सकाळपासून कोट घातलेला माणूस. साहेब नाही तर साहेबाची आई. त्यांनी ‘लेडीज’मधला एक ग्लास भरला, वर जायफळ किसलं, आणि बशीत ठेवून माईंच्या पुढं केला. ‘माई, हे आमच्या बोटीवरचं स्पेशल.’

माई म्हणाल्या, ‘मला यातलं काही चालत नाही हो. तुम्हाला ठाऊक असेल.’

‘प्युअर दूध आहे माई. ड्रिंक नाही, काही नाही.’

‘आणि बाकी?’

‘दूध, साखर, जायफळ. बासुंदी समजा.’

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा जमिनीकडं बघत होते. माईंनी ग्लास हातात घेतला, उजेडाकडं धरला. त्या मूर्ख नव्हत्या. त्यांनी ग्लासावरून माझ्याकडं पाहिलं आणि त्या वर्गात विचारायच्या तशा आवाजात, सरळ, विचारलं, ‘पिवळं कशानं दिसतंय गं, शालन? अंडं तर नाही ना?’

माझ्याजवळ किती वेळ होता? घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा. तेवढ्यात मी सगळा हिशेब केला. खरं बोलले तर अंकल खोटारडे ठरतात, गप्प बसलेले आप्पा खोटारडे ठरतात, घर खोटारडं ठरतं, माई उठून जातात, पुणं जातं. अंकल भुवया उडवून मला खुणावत होते आणि आप्पांनी एकदाच वर बघितलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती, आणि ती मला हुकुमापेक्षा जास्त ओंगळ वाटली. आणि तरीही मी म्हणाले, ‘केशर आहे, माई.’

आमच्या घरात केशर कधी आलेलं नव्हतं. मी ते डोळ्यांनीही बघितलेलं नव्हतं. कुणी माझ्या तोंडात तो शब्द घातला नव्हता. ‘नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण मी त्याहून पुढं जाऊन ते खोटं सजवून दिलं, बशीत ठेवल्यासारखं. अंकलनी एवढी वर्षं बोटीच्या बाता मारल्या, त्यातली एकही इतकी सफाईदार नव्हती.

माई प्यायल्या. ‘मग उत्तमच झालंय,’ म्हणाल्या. अंकलनी पुन्हा अर्धा ग्लास भरला, तोही त्यांनी आग्रहाखातर घेतला. तेवढ्यात आई चहाचा कप आणि पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. माई तिला म्हणाल्या, ‘शालनच्या आई, चहा राहू द्या आता. तुमच्या केशरी दुधानंच पोट भरलं.’ आईनं रिकाम्या ग्लासाच्या कडेला लागलेला फेस बघितला. मग अंकलकडं नाही, आप्पांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. तिनं चहा खाली ठेवला आणि पोहे घ्यायचा आग्रह केला.

जीप गेल्यावर अंकल हसायला लागले. ‘काय फरक पडला? म्हातारी दोन ग्लास ढोसून गेली.’ आई म्हणाली, ‘उद्या शालन जाऊन सांगंल त्यांना.’ आप्पा उसळले. ‘कशापायी? पोटात गेलं ते गेलं. त्यास्नी कळायचं बी न्हाई.’

‘त्यास्नी कळायचं न्हाई म्हणूनच सांगायचं,’ आई म्हणाली. ‘कळलं असतं तर आपन सांगायची काय गरज हुती?’

‘माझी बढती जाईल.’

‘जाऊ दे.’

आप्पा मला म्हणाले, ‘तुझं पुणं बी जाईल, कळतंय का?’ मला ते त्यांच्याआधी कळलं होतं. मी आईला रडून सांगितलं, तूच सांग, मी मागं उभी राहते. आई म्हणाली, ‘मी खोटं बोलले न्हाई. मी काय सांगू?’

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझी वेणी घातली, स्वतः धुतलेलं लुगडं नेसली आणि आम्ही दोघी बंगल्यावर गेलो. माई व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि सांगितलं. पाठ करून गेलेलं एकही वाक्य आठवलं नाही. ‘माई, काल त्यात अंडी होती,’ एवढंच म्हणता आलं.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ‘तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘मीच फोडली होती.’

मग म्हणाल्या, ‘तुझ्या काकांचं मी सोडून देते. तो मनुष्य दारात उभा राहिला तेव्हाच मला कळला होता. म्हणून तर मी तुला विचारलं.’ मी म्हणाले, ‘अंकल खुणा करत होते, आप्पाही...’ त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वहीतल्या चुकीच्या ओळीवर बोट ठेवावं तसंच ते होतं. मला ती ओळ दिसली. त्यांनी आईकडं वळून विचारलं, ‘हिला तुम्ही आणलंत?’ आई म्हणाली, ‘व्हय. चूक झाली, माई.’ माई म्हणाल्या, ‘तुमची नाही.’ आणि मग मला म्हणाल्या, ‘आज सोमवार. पाचला ये. वही विसरू नको.’

मी पाचला गेले. त्यांनी नेहमीसारखं शिकवलं, जराही कमी नाही, जराही कडक नाही. तासाभरानं त्यांचा घसा कोरडा पडला. मी सवयीनं उठले, आत गेले, फुलपात्र भरून आणलं. त्यांनी ते माझ्या हातून घेतलं नाही. ‘ठेव,’ म्हणाल्या. मी टेबलावर ठेवलं. मग त्या स्वतः उठल्या, आत गेल्या, घागरीतलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेऊन उभ्यानं प्यायल्या, आणि येऊन पुढचं गणित घातलं. परीक्षेपर्यंतचे तीन महिने असंच चाललं. त्यांनी प्रायश्चित्त घेतलं का, उपास केला का, साहेबांना सांगितलं का, मला ठाऊक नाही. विचारायची लायकी मी घालवून बसले होते. आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी तुच्छ लेखलं, फिटरची पोरगी म्हणून, गावंढळ म्हणून, नंतर बिनलग्नाची मास्तरीण होते तोवर त्याबद्दल. त्यातल्या एकाचंही मला कधी फार लागलं नाही, कारण त्यांच्यातलं कुणी त्या लायकीचं नव्हतं. माईंची गोष्ट निराळी होती. त्या मला सगळं देत होत्या, फक्त माझ्याकडून काही घेत नव्हत्या.

अंकल सुधारले नाहीत. तसली माणसं सुधारत नाहीत, फक्त पत्ता बदलतात. त्यांनी बाजारात पानाच्या गादीपाशी उभं राहून साहेबाच्या आईला अंडी कशी पाजली याची गोष्ट रंगवून सांगितली, आणि ती शेजारणीमार्फत आईपर्यंत आली. आईनं भांडण केलं नाही. त्या दुपारी तिनं त्यांची लोखंडी पेटी ओढत व्हरांड्यात नेली, वर ट्रान्झिस्टर ठेवला, कोटाची घडी ठेवली, आणि त्यांचं ताट त्या दिवशी पहिल्यांदाच वाढलं नाही. आप्पा घरी आले, त्यांनी पेटी बघितली, भावाकडं बघितलं, आणि हातपाय धुऊन मुकाट्यानं जेवायला बसले. आठवड्याभरात अंकल भांडुपला दुसऱ्या भावाकडं गेले. तिथंही म्हणे दोन दिवसांसाठीच. आप्पांना दोन वर्षांनी बढती मिळाली, ती साठेसाहेबांनीच दिली. आप्पा मरेपर्यंत सांगत राहिले की साहेबांना काही कळलंच नव्हतं. मला वाटतं साहेबांना सगळं कळलं होतं, आणि अंडं एका खात्यात आणि नळजोडणीचं काम दुसऱ्या खात्यात ठेवण्याइतका तो माणूस मोठा होता. आप्पांना ते कधी सुचणं शक्य नव्हतं.

निकाल लागला. मला माईंनी धरले होते त्याहून जास्त गुण पडले. आप्पा पालघरला जाऊन पेढे घेऊन आले, आणि आम्ही दोघी, आई आणि मी, पुडा घेऊन बंगल्यावर गेलो. माईंनी माझी गुणपत्रिका चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली, गणिताच्या आकड्यावर थोडा वेळ थांबल्या. मग टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. त्यावर त्यांच्या बहिणीचं नाव आणि पुण्याचा पत्ता होता. पाकीट बंद केलेलं होतं, निकालाच्या आधीच लिहून ठेवलेलं. ‘तिला मी सगळं लिहिलंय,’ त्या म्हणाल्या. सगळं म्हणजे काय, ते मला त्या बहिणीच्या घरी तीन वर्षं राहूनही कळलं नाही. त्या बाईंनी कधी दाखवलं नाही.

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, जडसा, बराच वेळ. मग मी पुडा उघडून एक पेढा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी पेढ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मी सुटले असते. त्यांनी मान वळवली आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या आईला म्हणाल्या, ‘शालनच्या आई, तुम्ही द्या.’

आई पुढं आली. जिच्या स्वयंपाकघरात अंडी शिजत होती, जिच्या हातांना बोंबलाचा वास कायमचा बसला होता, तिनं पुड्यातला दुसरा पेढा उचलला आणि माईंच्या हातावर ठेवला. माईंनी तो मोडला आणि अर्धा तोंडात टाकला.

‘छान आहे,’ त्या म्हणाल्या. ‘घरी केलेत?’

हो म्हटलं असतं तर कुणाचं काय जाणार होतं? मी मनात म्हणतच होते, हो म्हण.

‘न्हाई, माई,’ आई म्हणाली. ‘पालघरच्या दुकानातलं हायत.’

माईंनी उरलेला अर्धा पेढा खाल्ला, आणि आतल्या घागरीतलं पाणी आईकडं मागितलं.